रोज बायबल वाचायचं आहे, पण टिकत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या वर्षाची उपासना झाली, उपवासकाळ सुरू झाला किंवा तरुणांचं शिबिर आटोपलं, की पुढचे काही आठवडे हेच प्रश्न येत राहतात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी याआधी निदान एकदा तरी सुरुवात करून सोडून दिलेलं असतं. खालची उत्तरं मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत. या सगळ्या उत्तरांमागे एकच धरून ठेवलेली गोष्ट आहे: दिवस मोजू नका, पुस्तकं पूर्ण करा. बायबल हा पुस्तकांचा संग्रह आहे. एक पुस्तक हाती घ्यावं, ते शेवटपर्यंत वाचावं, मग दुसरं उचलावं. ज्याला हे एकदा जमलं तो पुन्हा पुन्हा वाचायला येतो.

सुरुवात कुठून करू? उत्पत्तीपासून ओळीने वाचलं तर?

मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे नव्या करारात मार्कने सांगितलेल्या येशूच्या चरित्रापासून करा. सोळाच अध्याय आहेत. एका अध्यायाला पाच-सात मिनिटं पुरतात आणि सलग बसलात तर दीड-दोन तासांत सगळं वाचून होतं. कथा वेगाने पुढे जाते, वंशावळ्या नाहीत, आणि येशू कोण हा प्रश्न पहिल्या अध्यायापासून उभा राहतो.

उत्पत्ती वाचू नये असं नाही, ते तर फार वाचनीय पुस्तक आहे. अडचण पुढे येते. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये एकूण १,१८९ अध्याय आहेत. वर्षभरात संपवायचे तर रोज साधारण सव्वातीन अध्याय होतात. १ जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेला माणूस तिसरा आठवडा सरल्यावर निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायाशी, म्हणजे निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) मापांशी पोहोचतो आणि महिना संपायच्या आत लेवीयमध्ये शिरतो. होमबलीचे नियम, कुष्ठाची तपासणी, शुद्ध-अशुद्ध प्राणी. मागचा-पुढचा संदर्भ माहीत नसलेल्या वाचकाची इथेच दमछाक होते आणि तो स्वतःलाच दोष देत बसतो. गांधीजींचाही अनुभव असाच होता. लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी बायबल वाचायला घेतलं. उत्पत्ती झाल्यावर पुढच्या अध्यायांनी झोप येऊ लागली आणि गणना हे पुस्तक तर त्यांना मुळीच आवडलं नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. नव्या करारात डोंगरावरच्या प्रवचनाशी आले तेव्हा मात्र ते थेट अंतःकरणात उतरलं.

मार्क झाल्यावर काय? फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं आहे. रूथ चार अध्यायांचं, योनाही चारच. त्यानंतर लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये घ्या. दोन्ही एकाच लेखकाची पुस्तकं आहेत आणि एकामागून एक वाचली तर पहिली मंडळी, म्हणजे पहिला ख्रिस्ती समाज, कसा उभा राहिला ते डोळ्यांसमोर येतं. मग उत्पत्ती आणि निर्गमचे पहिले वीस अध्याय. इथवर आलात की पुढचं काय वाचायचं ते तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

रोज किती वाचावं?

एक अध्याय. उत्साह असला तरी पहिले दोन-तीन महिने याहून जास्त ठरवू नका. नव्या करारात २६० अध्याय आहेत, म्हणजे आठवड्याला पाच दिवस एक-एक अध्याय वाचला तर बरोबर ५२ आठवड्यांत नवा करार पूर्ण होतो आणि दोन दिवस मोकळे राहतात. ज्यांना एखादी योजना हवीच असते त्यांना आम्ही हीच सांगतो.

अर्थात सगळे अध्याय सारखे नसतात. स्तोत्र ११७ दोन वचनांचं आहे, तर स्तोत्र ११९ मध्ये १७६ वचनं आहेत. अध्यायांची आज वापरात असलेली विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटन या इंग्लिश धर्मगुरूंनी केली असं मानलं जातं. नव्या करारातली वचनांची आजची क्रमांकपद्धत रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये छापली. पौलाने पत्र लिहिलं तेव्हा त्यात अध्याय नव्हते. त्यामुळे विषय जिथे थांबतो तिथे थांबा. यशयाचा ५३ वा अध्याय वाचणार असाल तर ५२ व्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून वाचायला लागा, कारण दुःख सोसणाऱ्या सेवकाचं ते गीत तिथूनच सुरू होतं. मधली रेघ नंतर कोणीतरी ओढलेली आहे.

सकाळीच वाचायला हवं का?

नाही. येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला असं मार्कच्या पहिल्या अध्यायात आहे आणि त्यावरून अनेक पाळक पहाटेचा आग्रह धरतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर पहाटेच वाचावं. पण त्रेसष्टाव्या स्तोत्राचा कवी रात्री अंथरुणावर देवाची आठवण करतो, आणि पहिल्या स्तोत्रातला धन्य मनुष्य रात्रंदिवस मनन करतो. पाण्याची वेळ, डबे, मुलांची शाळा, सातची लोकल, कारखान्याची पाळी हे सगळं ज्या घरात पहाटेच येऊन आदळतं, तिथल्या बाईला ‘पहाटे वाच’ म्हणणं म्हणजे ‘वाचू नकोस’ म्हणण्यासारखंच आहे. दुपारी भांडी आवरल्यानंतरची पंधरा मिनिटं तितकीच पवित्र आहेत.

घड्याळातली वेळ ठरवण्याऐवजी, रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन जोडून द्या. चहा झाला की. दुकानाचं शटर उघडून उदबत्तीऐवजी प्रार्थना करता ना, ती झाली की. मुलगी झोपली की. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याच प्रकारचा अभ्यास केला होता. प्रत्येकाने एक साधी कृती निवडून ती दिवसातल्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला अठराच दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे आपण सगळीकडे ऐकतो त्यावर फार विसंबू नये. महिना उलटला तरी वाचायला बसताना मनाला ओढून आणावं लागत असेल, तर तुमच्यात काही कमी आहे असं मुळीच नाही.

एक बारीकशी गोष्ट, पण फरक पडतो. चेन असलेल्या कव्हरमध्ये घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवलेलं बायबल रविवारीच बाहेर येतं. कव्हर काढा. जिथे बसून वाचणार तिथेच ते खूण घालून ठेवा, शेजारी वही आणि पेन ठेवा.

मध्ये आठ-दहा दिवस बुडाले. मागचं भरून काढू का?

भरून काढू नका. खूण जिथे आहे तिथून आज एक अध्याय वाचा.

तारखा छापलेल्या योजनांचा मोठा तोटा हाच आहे. एक लग्न, एक आजारपण, एक परीक्षा आली की तीस अध्यायांची थकबाकी चढते. मग वाचन हे कर्ज फेडणं होऊन बसतं. ती फेड कोणाला जमत नाही, म्हणून पुस्तकच मिटलं जातं. वरच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आलेला दिसला नाही.

आजही जगभर वापरली जाणारी एक योजना स्कॉटलंडमधल्या डंडी गावचे तरुण पाळक रॉबर्ट मरी मक्शेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी बनवली. वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी ते वारले. योजना देताना त्यांनी तिचे धोकेही मोजून सांगितले होते: नुसता उपचार उरणं, आपण धार्मिक आहोत असा गर्व होणं, निष्काळजीपणे भराभर वाचणं, आणि पेलवणार नाही असं जू मानेवर घेणं. योजना सगळे घेतात, ही ताकीद मात्र फार कमी जणांपर्यंत पोहोचते. तुम्ही कोणतीही योजना घ्या, हे चार धोके तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वाचतो, पण समजत नाही. मग काय उपयोग?

हा प्रश्न बायबलमध्येच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाचा एक मोठा अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो. येशूची सुवार्ता सांगत फिरणारा फिलिप्प त्याला विचारतो, वाचता ते समजतं का? कोणी समजावून सांगितल्याशिवाय कसं समजेल, असं तो अधिकारी मोकळेपणाने म्हणतो आणि फिलिप्पाला वर बसवून घेतो. राणीच्या खजिन्याचा कारभारी, पण विचारायला लाजला नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत चौकात नियमशास्त्र वाचतो, तेव्हा लेवी, म्हणजे मंदिरातली सेवा करणारे, जमलेल्या लोकांमध्ये मिसळून अर्थ सांगत असतात. समजावून घेण्याची गरज लागते हे तेव्हापासून गृहीतच आहे.

घरी करता येण्यासारखं सांगायचं तर, भाग दोनदा वाचा, त्यातला एकदा मोठ्याने. आवाज कानावर पडला की डोळ्यांनी निसटलेलं सापडतं. मग वहीत दोनच ओळी लिहा: आज इथे देवाबद्दल काय कळलं, आणि काय कळलं नाही. दुसरी ओळ पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. रविवारी पाळकांपुढे किंवा घरसभेत ती वही उघडा. नेमका प्रश्न घेऊन आलेला माणूस पाळकांना मनापासून हवा असतो.

अवघड पुस्तकं जोडीने वाचली तर उलगडतात. लेवीय एकटं वाचू नका. त्यातला सोळावा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, वाचा आणि लगेच इब्री लोकांस पत्राचे नववा आणि दहावा अध्याय वाचा. यशयाचे ३६ ते ३९ हे अध्याय दुसऱ्या राजेमधल्या १८ ते २० या अध्यायांशेजारी ठेवा, तीच हिज्कीया राजाची हकिगत दोन्हीकडे आहे. संदेष्टे समजत नाहीत असं म्हणणाऱ्यांना आम्ही दोन सालं लक्षात ठेवायला सांगतो. शलमोन राजानंतर इस्राएलच्या राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेचं इस्राएल इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने बुडवलं, आणि दक्षिणेच्या यहूदाचं यरुशलेम इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलने उद्ध्वस्त केलं. आमोस आणि होशेय पहिल्या संकटाआधी बोलत आहेत, यिर्मया दुसऱ्याच्या तोंडावर, यहेज्केल तर बाबेलात बंदिवासातून. इतकं ठाऊक असलं की हे लोक का रडतात, का रागावतात, ते कळायला लागतं.

आणि तरीही काही भाग कळणार नाहीत. तिथे पेन्सिलीने खूण करा आणि पुढे चला. पुढच्या वाचनात त्यातल्या काही खुणा पुसल्या जातात.

मराठीत कोणतं भाषांतर घ्यावं?

मंडळीत जे वाचलं जातं ते घरात असावंच. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते भारतीय बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ असतं. त्याची मराठी भारदस्त आहे आणि पाठांतराला फार चांगली आहे, पण नव्या वाचकाला किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला ती जड जाते. अशांनी रोजच्या वाचनासाठी सोपं, आजच्या मराठीतलं भाषांतर घ्यावं. बायबलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये अशी एकाहून अधिक मराठी भाषांतरं फुकट मिळतात.

सोप्या मराठीचा हा आग्रह आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची कित्येक वर्षं याच कामाला दिली. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, आणि तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळावं अशा मराठीत. छपाईच्या कामात मुक्तीतल्या स्त्रियांचेच हात होते. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. कॅथलिक वाचकांना वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ परिचित आहे. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

निवड केली की वर्षभर तेच वापरा. रोज तीन भाषांतरं ताडून पाहणाऱ्याचा अभ्यास होतो, पण अध्याय पुढे सरकत नाही. दुसरं भाषांतर अडलेल्या वचनापुरतं उघडा.

दुबई, लंडन, न्यू जर्सी इथल्या मराठी ख्रिस्ती घरांतून विचारणा होते की मुलांना देवनागरी नीट वाचता येत नाही, तर इंग्रजीतून वाचू द्यावं का. जरूर द्या. पण आजीबरोबरचा एखादा अध्याय मराठीत ठेवा. प्रार्थनेची भाषा अशीच एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

मोबाइलवर वाचलं तर चालतं का? आणि नुसतं ऐकलं तर?

चालतं. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलच सोयीचा. फक्त वाचनाआधी इंटरनेट बंद करा, कारण व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेज सगळी एकाग्रता मोडून टाकतो. अ‍ॅपमध्ये सलग किती दिवस वाचलं याचा आकडा दिसतो. तो आकडा तुटला म्हणून वाचन सोडलेली माणसं आम्हाला भेटली आहेत. शक्य असेल तर तो पाहूच नका. घरी बसून वाचताना छापील प्रत बरी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऐकणं हे दुय्यम वाचन नव्हे. आपलं पत्र मंडळीत वाचून दाखवा आणि लावदिकीयातल्या मंडळीतही वाचलं जाईल असं पाहा, असं पौल कलस्सैकरांना लिहितो. प्रकटीकरणाच्या तिसऱ्याच वचनात वाचून दाखवणारा आणि ऐकणारे या दोघांनाही धन्य म्हटलं आहे. ज्यांची नजर अधू झाली आहे, ज्यांना शाळेत जायला मिळालं नाही, ज्यांचा दिवस शेतात किंवा स्वयंपाकघरात जातो, त्यांनी ऐकावं. मराठी ऑडिओ बायबल मोबाइलवर सहज मिळतं.

आम्ही कॅथलिक आहोत. मिस्सेत रोज वाचनं होतातच, मग वेगळं वाचन कशाला?

मिस्सेची वाचनं हीच तुमची तयार योजना आहे. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे: एक वर्ष मुख्यतः मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान विशेषतः प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात. सामान्य काळात इतर दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्राने फिरतं. पण मिस्सेत वाचला जातो तो एक भाग. घरी त्याच्या आजूबाजूचा पूर्ण अध्याय वाचा, म्हणजे दाखला कोणाला उद्देशून सांगितला, आधी काय घडलं होतं, ते कळेल. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत. त्यातली तोबीत आणि बेनसिरा ही पुस्तकं घरात मोठ्याने वाचण्याजोगी आहेत.

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत मुलं कंटाळतात.

वाचन लांबलेलं असतं म्हणून. दहा मिनिटांत गीत, वाचन, प्रार्थना सगळं बसवा. योसेफाची कथा उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायापासून पुढे रोज थोडी थोडी वाचा आणि भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात तिथे थांबा. उद्या पुढे काय होतं हे मुलंच विचारतील. त्यानंतर दावीद, मग एस्तेर. वाचायची पाळी सगळ्यांना द्या, अडखळत वाचणाऱ्या लहानग्यालाही, आणि तो अडखळला तर मध्ये दुरुस्त करू नका. वाचता न येणाऱ्या आजीला तोंडपाठ असलेलं स्तोत्र म्हणू द्या. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत. ज्या दिवशी फार धावपळ असेल त्या दिवशी तारखेच्या अध्यायातली चार-पाच वचनं पुरेत.

घरात मी एकटीच विश्वास ठेवणारी आहे. उघडपणे वाचलं तर वाद होतात.

वाद वाढवून वाचू नका. मोबाइलवर ऐका, कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत वाचा, मैत्रिणीच्या घरी वाचा. आणि पाठ करा. आठवड्याला दोन वचनं पाठ झाली तर वर्षात शंभराहून जास्त होतात, आणि ती स्वयंपाक करताना, बसमध्ये, कोणाच्याही नकळत मनात म्हणता येतात. सुरुवातीला स्तोत्र २३ आणि मग स्तोत्र १२१ घ्या. पहिल्यात सहा वचनं आहेत, दुसऱ्यात आठ. घरच्यांची सेवा आणि आदर कमी होऊ देऊ नका. मारहाण किंवा धमकीपर्यंत गोष्ट गेली असेल तर वाचनाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी विश्वासातल्या माणसाची आणि कायद्याची मदत घ्या.

मी ख्रिस्ती नाही. मी वाचू शकतो का?

कोणाच्याही परवानगीची गरज नाही. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. टिळक वाचत गेले आणि मत्तयच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन खिळले. पुढे १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रत्येक वाचकाचं असंच होतं असं नाही, गांधीजी आयुष्यभर हिंदूच राहिले. तुम्हीही मत्तयचे पाच, सहा आणि सात हे तीन अध्याय एका बैठकीत वाचून पाहा.

वाचून काहीच वाटत नाही. मन कोरडं पडलंय.

अशा वेळी अध्याय कमी करा, पुस्तक बदला, पण बसायची जागा सोडू नका. स्तोत्र १३ वाचा, ‘किती काळ’ असं देवाला चारदा विचारणारं. स्तोत्र ४२ वाचा. स्तोत्र ८८ वाचा, ज्याचा शेवट अंधारातच होतो आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला असंही बोलता येतं. एवढं एक स्तोत्र मोठ्याने वाचून उठलात तरी त्या दिवसाचं वाचन झालं. झोप, भूक आणि कामातलं लक्ष आठवडेच्या आठवडे उडालं असेल तर डॉक्टरांनाही भेटा. ते अविश्वासाचं लक्षण नाही.

एकट्याने टिकत नाही. ग्रुप काढू का?

मोठा ग्रुप नको. शंभर जणांच्या ग्रुपवर सकाळी फुलांच्या चित्रावरचं एक वचन येतं, खाली ‘आमेन’ची रांग लागते आणि कोणीच अध्याय उघडत नाही. त्यापेक्षा एक सोबती शोधा. दोघांनी एकच पुस्तक घ्यावं, रोज आपापल्या वेळी वाचावं आणि आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं फोनवर बोलावं. ‘वाचलंस का?’ असं विचारू नका, त्याने खोटं बोलायची पाळी येते. ‘या आठवड्यात तू कुठे अडलीस?’ असं विचारा. न वाचलेल्यालाही याचं उत्तर देता येतं, आणि मग तिथून पुढे फोनवरच दोघांनी मिळून दहा-बारा वचनं मोठ्याने वाचता येतात. पहिला फोन रविवारी संध्याकाळचा ठरवा, पुस्तक मार्क घ्या, आणि सोबती कोण ते आजच विचारून ठेवा.